आधी विचारावं लागतं

चैताच्या दिवसांत छत्तीसगडातल्या बस्तरमध्ये जगदलपूरहून दक्षिणेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रायवळ आंबे लागतात. जुने, आडमाप, कैऱ्यांनी लगडलेले. आपल्या गावाकडे असं झाड रस्त्यावर असतं, तर पोरांच्या दगडांनी एव्हाना त्याचा खालचा घेर रिकामा झाला असता. इथे झाडाखाली पोरं खेळतात, बाया डोक्यावरची ओझी उतरवून घटकाभर टेकतात आणि कैऱ्या वर तशाच हलत राहतात. गावाचा आंब्याचा पंडुम अजून व्हायचा असतो.

पंडुम हा गोंडांचा सण. बियाण्याचा वेगळा, मोहाचा वेगळा, आंब्याचा वेगळा. त्याचा दिवस कुठल्या पंचांगात छापलेला नसतो. गायता, म्हणजे गावचा पुजारी, आणि गावातली जाणती माणसं बसून तो ठरवतात. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतही अंतर पडतं. ओढ्याच्या अलीकडे कैरीची चटणी वाटली जात असताना पलीकडे कैरीला हात लावायचा नसतो. पहिलं फळ धरणीला आणि पूर्वजांना, मग माणसांना. पर्यावरणाचे अभ्यासक यात फळ जून होईपर्यंत राखण्याची युक्ती बघतात, आणि ती आहेच. मला जास्त भुलवते ती त्यातली अदब. झाड आपल्याआधी कुणाचं तरी आहे असं धरून चालायचं, आणि घेण्यापूर्वी विचारायचं.

ही विचारायची रीत बस्तरमध्ये इतक्या ठिकाणी भेटते की हळूहळू मला ती या प्रदेशाचा कणाच वाटू लागली आहे. त्याचं कारण बहुधा इथल्या माणसांच्या गर्दीत असावं. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत बस्तर हा एकच जिल्हा होता, आकाराने केरळहून मोठा. आता त्याचे सात जिल्हे झालेत. उत्तरेला आणि मध्यभागी मुरिया, अबूझमाडच्या डोंगरांत माडिया, दक्षिणेला नाचताना गव्याच्या शिंगांचा मुकुट घालणारे दंडामी माडिया, कांगेर खोऱ्याच्या आसपास धुरवा, कोंट्याकडे दोरला, ओडिशाच्या बाजूला भतरा, आणि सगळीकडे विखुरलेले हलबा. यांच्या अधेमधे पनका, महारा, लोहार, कुंभार, राऊत आणि पितळेचे देव ओतणारे घडवा. सरकारी यादीत हे सगळे आदिवासी नाहीत, पण त्यांच्यावाचून आदिवासींचा एकही सण हलत नाही. मुरिया-माडिया गोंडाला देवाची मूर्ती हवी तर तो घडव्याच्या अंगणात जातो. घडवा मेणाचे दोरे वळतो, त्यांनी मातीच्या गाभ्यावर देवीचे दागिने गुंडाळतो, वर पुन्हा माती लिंपतो आणि भट्टी पेटवतो. मेण वितळून वाट मोकळी झाली की तिथे पितळ उतरतं. एकाचा देव दुसऱ्याच्या हातून जन्माला येतो.

ही सारी माणसं एकत्र दिसतात ती आठवडी हाटात. बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, चिंच, मोहाच्या बियांचं तेल, पानाच्या द्रोणात तांबड्या मुंग्या. या मुंग्यांची अंड्यांसकट वाटलेली चटणी म्हणजे चापडा. आंबट, जिभेला चरचरणारी; मला ती आवडली, सोबतच्या मित्राला नाही. गोंडी, धुरवी, दोरली यांच्यातला व्यवहार हलबीतून चालतो, आणि हलबी मराठी कानाला दुरून येणाऱ्या ओळखीच्या आवाजासारखी लागते. एकेकाळी याच हाटांमधून व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी उचलून नेत. मीठ आणि चारोळी, मापाला माप! बस्तरचा इतिहास कुणाला दोन शब्दांत हवा असेल तर तो एवढाच आहे.

हाटाच्या कडेला सल्फी मिळते. आपल्याकडच्या भेरली माडाचीच ही जात. पहाटे उतरवलेली गोड, दुपारपर्यंत चढलेली. पानाचा द्रोण हाती आला की पहिले थेंब जमिनीवर सांडायचे, मग ओठाला लावायचं. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने काही न बोलता माझ्या हाताला हलकेच खाली झुकवलं. पूर्वजांनी प्यायल्याशिवाय पाहुण्याने प्यायचं नसतं.

पण विचारण्याची ही रीत सगळ्यांत भव्य रूपात दिसते ती जगदलपूरच्या दसऱ्यात. हा दसरा ७५ दिवस चालतो. या प्रदेशाला दंडकारण्य म्हणतात, राम इथून गेला असं सांगतात, तरी या दसऱ्यात रावण जळत नाही. हा दंतेश्वरी देवीचा दसरा. पंधराव्या शतकातला राजा पुरुषोत्तमदेव जगन्नाथपुरीला गेला आणि रथाचा मान घेऊन परतला, अशी त्याची कथा. आषाढ सरतो त्या हरेलीच्या अमावास्येला जंगलातून आणलेल्या पहिल्या ओंडक्याची पूजा होते आणि त्या दिवसापासून दसरा सुरू झाला असं मानतात. झाड तोडलं तर त्याची आधी पूजा. पुढे बेडा उमरगाव आणि झार उमरगावचे सुतार-लोहार शहरात मुक्कामाला येतात आणि रथ घडवू लागतात. काम पिढ्यान्‌पिढ्या त्या गावांचंच. दुसऱ्या कुणी रंधा उचलायचा नाही.

मात्र लाकूड आलं, कारागीर आले, तरी दसरा होईलच असं नाही. अजून होकार मिळायचा असतो. पितृपक्ष संपतो त्या अमावास्येच्या संध्याकाळी काछिनदेवीच्या गुडीपुढे, म्हणजे देवळापुढे, माणसांचा समुद्र लोटतो. आत बेलाच्या काट्यांनी मढवलेला झुला असतो. देवीचा संचार होतो तो मिरगान समाजातल्या एका लहान मुलीच्या अंगात. विणकरांचा हा समाज. गावगाड्यात त्याला वरचं आसन कधीच नव्हतं. मोहरीवाले सूर धरतात, नगारा घुमतो, पुजारी मुलीला काट्यांवर टेकवून झुला हलवतो. आणि राजघराण्यातला पुरुष हात जोडून समोर उभा राहतो. दसरा करू का? मुलीच्या हातचं फूल त्याच्याकडे येतं तेव्हा गर्दीतून जो आवाज उठतो, त्यात भक्तीइतकीच सुटका असते. या वर्षीही ती नाही म्हणाली नाही. ती नाही म्हणू शकते, या शक्यतेवरच तर तो सगळा सोहळा तोललेला असतो.

इथे थोडं सावध राहायला हवं. एका संध्याकाळी राजाने हात जोडले म्हणून वर्षभराची उतरंड सपाट होत नाही. मिरगानांच्या घरचं पाणी न पिणारी माणसंही त्या गर्दीत असणार. काट्यांवर बसणाऱ्या पोरीला तिची इच्छा कुणी विचारतं का, हाही प्रश्न मनातून जात नाही. तरी ज्याच्या हाती सत्ता, त्याला वर्षातून एकदा तरी सगळ्यांदेखत मागावं लागतं, हे मला थोडं वाटत नाही. आपल्या किती सणांत असं आहे?

दुसऱ्या दिवशी सिरहासार भवनातल्या खड्ड्यात हलबा समाजाचा एक तरुण जोगी होऊन बसतो, नऊ दिवस, उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून. मग रोज फुलरथ फिरतो. नवमीला दंतेवाड्याहून देवीची डोली येते, तिला सामोरं जायला सगळं शहर रस्त्यावर उतरतं. गावोगावचे देव येतात. कुणी डोलीतून, कुणी छत्राखालून, कुणी आंगादेव होऊन, म्हणजे माणसांच्या खांद्यावरच्या लाकडी ओंडक्यांच्या रूपाने, वाहणाऱ्यांना पुढेमागे खेचत. हे आंगादेव एकमेकांना भेटतात तेव्हा लाकडावर लाकूड आपटतं आणि वाहणाऱ्यांचे पाय हरपतात.

मग विजयादशमी. आठ चाकांचा प्रचंड रथ किलेपाल परगण्याचे माडिया ओढतात. आणि रात्री तोच रथ ते चोरून नेतात, थेट कुम्हडाकोटच्या रानात. राजाने आम्हाला विचारलं नाही म्हणून एकदा आमच्या पूर्वजांनी रथ पळवला होता, असं सांगतात. तेव्हापासून ही चोरी दरवर्षी होते. दुसऱ्या दिवशी राजाने रानात जायचं, त्यांच्यासोबत नव्या तांदळाचं अन्न खायचं, विनवणी करायची. त्यानंतरच रथ परततो. रुसव्याला इतकी रीतसर जागा देणारा दुसरा उत्सव मला ठाऊक नाही. शेवटी मुरिया दरबार भरतो. १८७६ च्या मुरियांच्या उठावानंतर सुरू झालेला हा दरबार. त्यात सिरोंचाचा इंग्रज अधिकारी मांझी-चालकींपुढे, म्हणजे गावोगावच्या परंपरागत पुढाऱ्यांपुढे, बोलला होता. आता तिथे मुख्यमंत्री येऊन बसतात आणि गाऱ्हाणी ऐकतात.

राजाला विचारता येतं, तसं देवालाही. केशकालच्या घाटात भंगाराम देवीचं ठाणं आहे. भादव्यात तिथे जात्रा भरते आणि आसपासच्या परगण्यांतले देव आरोपी म्हणून हजर केले जातात. पाऊस पाडला नाहीस, गुरं मेली तेव्हा कुठे होतास, नवस घेतलास आणि काम केलं नाहीस. गाऱ्हाणं मांडलं जातं, साक्षी होतात, निकाल लागतो. दोषी देवाला देवळामागे झाडांखाली सोडून देतात. त्याच्या अंगावरच्या चांदीला कुणी हात लावत नाही. सुधारला तर तो घरी परततो. याच ठाण्यात खानदेव नावाचा देव आहे. नागपूरहून आलेले कुणी डॉक्टर खान साथीच्या दिवसांत इथल्या लोकांसाठी राबले आणि मेल्यावर देव झाले, असं लोक सांगतात. काम केलं म्हणून माणूस देव झाला, काम केलं नाही म्हणून देव कैदी झाला. या न्यायालयात बायांना मात्र प्रवेश नाही. देवांना जाब विचारणाऱ्यांना हा जाब अजून कुणी विचारलेला दिसत नाही.

बाहेरून आलेल्यांनी बस्तरला काही विचारलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी दोन तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं, तेव्हा गावांना ते हुकमातून कळलं. १९१० मध्ये आंब्याची डहाळी आणि तांबड्या मिरच्या गावोगाव फिरू लागल्या. ज्याच्या हाती ती आली त्याने निघायचं, एवढाच तिचा निरोप. नेतानारच्या गुंडाधुरचं नाव आजही ज्यात घेतात तो हा भूमकालचा उठाव. २००५ मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध सरकारी पाठबळाने सलवा जुडूम सुरू झाला आणि गावंच्या गावं छावण्यांत नाहीतर रानात गेली. मागे राहिलेल्या देवांच्या वाट्याला त्या वर्षांत पंडुम आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते प्रकरण घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर बरीच गावं नकाशापुरती उरली होती.

बैलाडिलाच्या डोंगरातून १९६८ पासून लोखंडाचं खनिज निघतं आहे. त्याच रांगेत नंदराज देवाचा डोंगर आहे, आणि खाणीच्या कागदांत त्याला १३ क्रमांक आहे. २०१९ च्या जूनमध्ये हजारो आदिवासी तीर-कामठे घेऊन, शिधा बांधून किरंदुलला खाणीच्या फाटकासमोर येऊन बसले. २०१४ मध्ये हिरोलीच्या ग्रामसभेने खाणीला होकार दिल्याचा कागद दाखवला जात होता, आणि गावकरी म्हणत होते की अशी सभा झालीच नाही. सरकारला वृक्षतोड थांबवून चौकशी लावावी लागली.

अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी, असं सांगणारा पेसा कायदा १९९६ चा आहे. छत्तीसगडने त्याचे नियम लागू केले ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये.