लोकलने देवदर्शन, सूर्यास्ताच्या आत

छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालेले यात्रेकरू सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात आणि प्रथम टॅक्सी शोधतात. ज्या शहरात शहरांतर्गत रेल्वेच नाही, तेथील ज्येष्ठांना लोकलची धास्ती वाटावी हे स्वाभाविकच. परंतु कार्तिक-मार्गशीर्षात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याला रस्त्यावरील अर्ध्या तासाची कोंडीही उपाशी ठेवू शकते. अशा वेळी लोकलच अधिक भरवशाची.

गर्दीचे भय बरेचसे दिशेवर अवलंबून आहे. नोकरदारांचा लोंढा सकाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो आणि सायंकाळी परततो. टर्मिनसवरून बोरिवलीकडे जाणारा यात्रेकरू दोन्ही वेळा त्याच्या उलट प्रवास करतो. एक दिवसाचे पर्यटक तिकीट काढले की प्रत्येक स्थानकावर रांग लावावी लागत नाही. मात्र द्वितीय श्रेणीचे तिकीट घेऊन प्रथम श्रेणीच्या डब्यात चढू नये. घाईत पुष्कळजण तेथेच दंड भरतात.

धीम्या गाडीचे पहिलेच स्थानक मस्जिद. तेथून हातगाड्यांच्या वर्दळीतून वाट काढत पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथांच्या मंदिरात पायी जाता येते. या मंदिराची प्रतिष्ठा १८१२ची. पुढे भायखळा. येथील आदिनाथ मंदिर शेठ मोतीशांचे. शत्रुंजयावरील मोतीशा टूंकही त्यांचीच. भायखळा स्थानकाची १८५७ची दगडी इमारतही घाईने ओलांडण्याजोगी नाही. तिच्या जीर्णोद्धाराची युनेस्कोने दखल घेतली आहे. मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी मुक्तहस्ते दान देणाऱ्या समाजाने ती अवश्य न्याहाळावी.

दादरला मध्य रेल्वे सोडून पश्चिम रेल्वे धरायची. पूर्वी दोन्हींकडे एकच क्रमांकाचे फलाट असत आणि नवखा माणूस हमखास चुकत असे. डिसेंबर २०२३पासून फलाटांना सलग क्रमांक आहेत : एक ते सात पश्चिम, आठ ते चौदा मध्य. येथून जलद गाडीने बोरिवली गाठावी. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील त्रिमूर्ती दिगंबर मंदिरात आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या भव्य प्रतिमा उभ्या आहेत. सकाळी श्वेतांबर मंदिरे आणि दुपारी दिगंबर क्षेत्र, असे दर्शन एका दिवसात घडते, हे संभाजीनगरच्या मिश्र समाजाच्या यात्रासंघांनी ध्यानात घ्यावे. उद्यान सोमवारी बंद असते, म्हणून तो वार टाळावा.

शिदोरीतील दशम्या आणि खाखरे बोरिवलीतच, चारच्या सुमारास संपवावेत. उकळलेले पाणीही तेथेच घ्यावे. परतीला दादरच्या बदलासह सव्वा तास सहज लागतो. फलाटावर पोहोचून जेवू म्हणणाऱ्यांचा सूर्य वाटेतच मावळतो.

गुडघ्यांनी साथ सोडलेल्यांना दादरचा पूल जड जातो. त्यांच्यासाठी मेट्रोचा मार्ग आहे : राष्ट्रीय उद्यान स्थानकावरून गुंदवली, तेथे पादचारी पुलाने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक, मग घाटकोपर आणि तेथून लोकलने टर्मिनस. बदल अधिक, पण मेट्रोच्या स्थानकांवर उद्वाहक आणि सरकते जिने आहेत. फक्त पाचनंतर घाटकोपरकडे जाणारी मेट्रो कार्यालयांतून सुटलेल्या माणसांनी खच्चून भरते. त्यामुळे या मार्गाने जाणाऱ्यांनी शिदोरी साडेतीनलाच सोडावी.