वक्र पडदा

खेळासाठीं केलेल्या पडद्याची पारख आंकड्यांनीं करावी, तर २०२० सालच्या ओडिसी जी९ला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. कर्ण ४९ इंचांचा. चित्र सेकंदाला २४० वेळां पालटूं शकतें, साध्या पडद्यावर ६० वेळां. म्हणून भरधांव मोटारही त्यावर पुसट होत नाहीं. वळणाची त्रिज्या एक मीटर. तितक्याच अंतरावर मधोमध बसणाऱ्यास मध्य आणि कडा सारख्याच जवळ. पण वर्तुळाला केंद्र एकच असतें! तेथें माझा मुलगा बसतो. शेजारीं खुर्ची ओढून मी बसलों, तों सरळ रस्ते वांकडे दिसूं लागले. सपाट पडद्यापुढें आम्हां दोघांना जागा होती. वक्र पडदा उत्तम खरा. परंतु तो एकट्याचा. खेळ पाहूं इच्छिणाऱ्या बापानें मुलाच्या पाठीशींच उभें राहावें, हें बरें.