खिडकीबाहेरची सावली

घराला खिडकी असते, म्हणूनच घर आणि कोठार यांत फरक राहतो. उजेड, वारा आणि रस्त्यावरच्या जगाची चाहूल माणसाला खिडकीतून मिळते. परंतु वैशाख लागला की हीच खिडकी घरातल्यांची परीक्षा पाहू लागते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणे नवलाचे राहिलेले नाही. तेथील पश्चिमेकडच्या खोलीत दुपारी तीननंतर बसवत नाही. सूर्य मावळला तरी गादी, फरशी आणि भिंती दिवसभर साठवलेली धग सोडत राहतात. पाळण्यातले मूल रडत राहते, वृद्ध माणूस कूस बदलत राहतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस अर्धवट झोपेनेच उठतो.

ही धग घरात येते कशी? भिंत तापायला वेळ लागतो. काच मात्र सूर्यकिरणांना क्षणाचाही अटकाव करत नाही. साध्या पारदर्शक काचेवर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक उष्णता आत शिरते. आतल्या वस्तू तिने तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. या उष्णतेच्या लहरी सूर्यकिरणांहून निराळ्या, अधिक लांबीच्या असतात आणि त्या काचेतून थेट बाहेर पडू शकत नाहीत. आत येणाऱ्याला दार उघडे आणि जाणाऱ्याला बंद, असा हा प्रकार आहे. मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेच्या एक चौरस मीटर उघड्या काचेतून सुमारे पाचशे वॅट उष्णता आत येऊ शकते. भर उन्हाळ्यात खोलीत लहानशी शेगडी पेटवून ठेवावी, तसेच हे झाले.

सर्वच खिडक्या मात्र सारख्या दोषी नसतात. विदर्भात 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्राबरोबर नवतपा सुरू होतो. साधारण त्याच वेळी, 26 मेच्या आसपास, नागपुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरून जाते. ते ऊन छपरावर कोसळते; दक्षिणेच्या खिडकीवर ते जवळजवळ पडतच नाही आणि तेथे लहानसा छज्जाही पुरतो. खरी अडचण पूर्व-पश्चिमेची असते. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो व त्याचे तिरपे किरण छज्ज्याखालून सरळ घरात येतात. त्यातही पश्चिमेचे ऊन अधिक जाचते, कारण तोपर्यंत हवा आणि भिंती आधीच तापलेल्या असतात.

यावर उपाय म्हणून बहुतेक घरांत आतून जाड पडदा लावला जातो. त्याचा उपयोग होतो, पण तो थोडाच. ऊन काच ओलांडून आत आलेले असते. गडद पडदा ते शोषून घेतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल, तर काही किरण तरी परत फिरतात. पण चोराला माजघरात अडवण्यापेक्षा वेशीवर अडवणे केव्हाही शहाणपणाचे. तोच आडोसा काचेच्या बाहेर, थोडे अंतर राखून बांधला, तर तापतो तो आडोसा आणि त्याची धग वाऱ्याबरोबर बाहेरच निघून जाते. असा चांगला आडोसा पश्चिमेच्या खिडकीची सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता रोखू शकतो. त्यासाठी बांबूची ताटी, शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी जाळी किंवा जुनी चादरही चालते. वेळेवर लावलेला दोडक्याचा वा गिलक्याचा वेल हेच काम करतो आणि वर भाजीही देतो.

जुन्या घरांना ही गोष्ट ठाऊक होती. बाहेर पडवी, खिडकीला लाकडी झडपा आणि दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाण्याचा शिडकावा, ही उन्हाळ्याची रीतच होती. गोव्यातील जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून येणारा उजेड सौम्य होई. आधुनिक वास्तुकलेनेही हेच तत्त्व मानले. अहमदाबादेत 1954 मध्ये पूर्ण झालेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत ल कॉर्बुझिए यांनी पश्चिमेच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या पट्ट्या योजल्या. मावळतीचे ऊन त्यांवरच अडते.

प्रदेशागणिक रीत मात्र बदलावी लागते. विदर्भातील किंवा राजस्थानातील कोरड्या हवेत सकाळी ऊन चढताच खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा निवल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. वाळ्याची ताटीही तेथेच खरा गारवा देते, कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ओली ताटी फारशी उपयोगी नाही. तेथे खिडकी उघडी, पण सावलीत हवी.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेच्या काळात नेहमीच्या तुलनेत तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. 2018 मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी संहिता तयार केली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा सुचवली. पण ती मुख्यतः नव्या बांधकामासाठी आहे. एका खोलीच्या भाड्याच्या घरात, जेथे चूल, अंथरूण आणि अभ्यास एकाच खिडकीच्या आधाराने चालतो, तेथे तिचा आधार पोहोचत नाही. वातानुकूलन यंत्र तेथे परवडत नाही; उलट शेजारच्या घरातील यंत्राने बाहेर फेकलेली गरम हवा मात्र त्याच खिडकीतून आत येते.

अशा घराला चार बांबू, हातभर दोरी आणि एक ताटी इतका तरी गारवा मिळू शकतो. घरमालकाने खिळा ठोकू दिला, सोसायटीने बाहेरच्या ताटीला हरकत घेतली नाही आणि नगरपालिकेने रस्त्याच्या पश्चिमेकडचा कडुनिंब तोडला नाही, तर तो पुष्कळांना मिळेल. चैत्रात नवी पालवी ल्यालेला तो कडुनिंब वैशाखात भर दुपारी सावली धरतो आणि तिचे भाडे कोणाकडेही मागत नाही.