चौकशी सुरू आहे, म्हणून माहिती नाही?

रस्त्याच्या कामाची बिलं माहिती अधिकारात मागितली. एका ओळीत उत्तर आलं: चौकशी सुरू आहे, कलम ८(१)(एच) नुसार माहिती देता येत नाही.

मित्रांनो, या कलमातलं इंग्रजी क्रियापद आहे 'इम्पीड'. मूळ लॅटिन, अर्थ पाय अडकवणं. म्हणजे आपलं 'खोडा घालणं'च की! माहिती दिल्याने तपासाला खोडा बसणार असेल, तरच नकार देता येतो. नुसती चौकशी सुरू असणं पुरेसं नाही. खोडा कसा बसेल, ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच हे स्पष्ट केलंय.

तुम्हालाही असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. ३० दिवसांत पहिलं अपील करा. मी केलंय. बिलं दाखवल्याने तपास नेमका कुठे अडतो, एवढंच विचारलंय.