शनिवारचा निरोप

शनिवारी आमची शाळा सकाळची. मुलं गेली की मी फळा पुसत नाही. दप्तराच्या घाईत कुणाचं तरी खोडरबर बाकाखाली राहिलेलं असतं, ते खिशात टाकतो, खुर्ची फळ्यासमोर ओढतो आणि फोनवर पालकांना आठवड्याचा निरोप बोलतो. लिहीत नाही, बोलतो. एका मिनिटात बसवायचा असतो. फळ्यावर जे उरलंय तेच टाचण.

कळंबपासून थोडं आत गेलं की लागणाऱ्या गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा, आणि दुसरीचा वर्ग. एवढं साधं काम सुचायला नोकरीची निम्मी वर्षं गेली. आधी प्रगतिपत्रक होतं. वर्षातून दोनदा सही किंवा अंगठा, की झालं. मग २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहायला लागलो. तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरायच्या. त्यातून मीही भरपूर उतरवल्या. ‘कवितेचे साभिनय गायन करतो’ हे वाक्य किती पोरांच्या नावापुढं लिहिलं, याचा हिशोब नाही. एका आईनं ते पोराकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, “सर, साभिनय म्हंजे चांगलं का वाईट?”

खरं तर मूल शाळेत किती येतंय, त्याला काय जमायलंय, कुठवर आलंय हे पालकांना भेटून सांगणं शिक्षण हक्क कायद्यानंच शिक्षकाचं काम ठरवलंय. २००९ च्या कायद्यातलं कलम २४. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावेत, असंही तोच कायदा सांगतो. पण पालकसभा सोयाबीनच्या काढणीत लावली तर येणार कोण? येणारी माणसं दारातूनच विचारायची, “सही कुठं करायची, सर?”

माझे डोळे उघडले ते २०१९ च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या वाचायची नवी रीत आली होती. बावीसला वीस दोन, एकोणऐंशीला सत्तर नऊ. जुनी नावंही होतीच, पण गाजलं ते नवं. विनोद झाले, विधानसभेत विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या, पण ते सांगणं आमच्या गावच्या पारापर्यंत पोचलं नाही. पारावर पोचली ती थट्टा. एक आजोबा तावातावानं शाळेत आले. “काय शिकवायलाव सर? एकोणऐंशी म्हणायला जीभ वळंना का पोराची?”

मी त्यांच्या हातात खडू दिला. म्हटलं, “त्रेसष्ट लिहा.” त्यांनी झरझर लिहिलं. “आता सांगा, कानाला आधी काय ऐकू आलं?” ते थांबले. ऐकू येतं तीन, लिहायचा आधी सहा. पंचवीस म्हटलं की पोरगं आधी पाच काढतं, पुढं दोन, आणि बावन्न होऊन बसतात. एकोणसाठची तर गंमतच. म्हणताना साठ, लिहिताना पन्नासच्या घरातलं. आपल्याला हे अवघड वाटत नाही, कारण पाठ करताना खाल्लेला मार आपण विसरलोय. आजोबा फळ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “मग हे आधी का नाही सांगितलं?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन्ही रिती मी आजही शिकवतो. पण आता घरी आधी कळवतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सॲपचा गट आला. गटात शुभ सकाळ, वाढदिवस, कुणाची हरवलेली म्हैस, आणि मध्ये कुठं तरी माझा अभ्यास. फोन बापाच्या खिशात आणि बाप रानात. तरी मी हौसेनं लिहायचो. शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी गटात टाकलं, अमुक तिघांचं वाचन कच्चं आहे, पालकांनी लक्ष घालावं. सोमवारी त्यातला एक आलाच नाही. मंगळवारी आला तेव्हा पाठ बाकाला टेकवत नव्हता. लक्ष घालणं म्हणजे त्या घरात काय, ते मला तेव्हा कळलं. त्या पोराला मारणाऱ्या हातात काठी मी दिली होती.

तेव्हापासून गटात कुठल्याच पोराचं नाव येत नाही. ते बोलायचं असेल तर दारात जाऊन, पोराला शेजारी बसवून. आणि ‘लक्ष द्या’, ‘अभ्यास घ्या’ हे शब्द बंद. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला ‘अभ्यास घ्या’ म्हटलं की तिला आपलं अपुरंपण आठवतं. उत्तर म्हणून ती अंगठ्याचं चित्र पाठवते.

मग निरोपात सांगायचं काय? वर्गात जे झालं ते घरात कुठं सापडेल, एवढंच. पण त्यासाठी घरातला शब्द हुडकावा लागतो. वजाबाकीत आम्ही ‘दशक सुटा करणे’ म्हणतो. हे कसं सांगावं, म्हणून तीन दिवस डोक्यात घोळत होतं. शेवटी किराणा दुकानात उभा असताना दुकानदार म्हणाला, “दहाची मोड हाय का?” त्या शनिवारचा निरोप असा गेला: “आपण या आठवड्यात दहाची मोड करून वजाबाकी शिकलो. दुकानात जाताना पोराला सोबत न्या. बत्तीस रुपयांतले आठ कसे द्यायचे, विचारा. चुकलं तर चुकू द्या. उत्तर कसं काढलं, तेवढं ऐका.”

निरोप एकाच दिशेनं जातो, असा माझा समज एका आजीनं मोडला. मापनाचा आठवडा होता. घरात मापटं, शेर, पायली असेल तर मुलांना दाखवा, असं मी म्हटलं होतं. सोमवारी प्रार्थना संपायच्या आत आजी पितळी मापं आणि पिशवीत ज्वारी घेऊन हजर. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, असं तिनं सतरंजीवर ओतून दाखवलं. माझ्या लिटरच्या बाटल्या कोपऱ्यात राहिल्या. मग एका पोरीनं विचारलं, माप वरपर्यंत भरायचं का शीग लावायची? आजी म्हणाली, “देताना शीग लावायची, बाई.” पुस्तकात हे नाही. त्या शनिवारी निरोपात मी आजीचंच बोलणं पाठवलं.

दसरा झाला की निरोपाचा पत्ताच बदलतो. मुकादमाची उचल घेतलेली घरं कोयते बांधून ऊसतोडीला निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकातल्या कारखान्यांवर. कुठली पोरं आजीजवळ राहतात, कुठली सोबत जातात. परत यायचं ते पाडव्याच्या आसपास, नाही तर येरमाळ्याला येडाईच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला. म्हणून तर निरोप बोलून पाठवायचा. फडात वाचत बसायला कुणाला सवड आहे? ऊस भरताना फोन कानाशी धरता येतो.

एक बाप कधीच उत्तर द्यायचा नाही. नुसत्या दोन निळ्या खुणा. गेल्या हंगामात संख्यावाचनाचा निरोप गेला आणि रात्री २ वाजून ४० मिनिटांनी त्याचा आवाज आला. मागं ट्रॅक्टर गुरगुरत होता, कुणीतरी मोळीसाठी हाक मारत होतं.

“सर, पोरगी फोनवर सत्तर नऊ म्हणाली. मला वाटलं चुकली, म्हणून रागावलो तिला. पण हितं काट्यावरला कानडी माणूस एप्पत्तोंबत्तु म्हणतोय. मी इचारलं त्याला फोड करून. एप्पत्तु म्हंजे सत्तर, ओंबत्तु म्हंजे नऊ. म्हंजे ती बरूबरच व्हती की.”

मग थोडा वेळ नुसता ट्रॅक्टर, आणि आवाज बंद.

सोमवारी तो आवाज मी वर्गात लावला. मुलांनी ‘एप्पत्तोंबत्तु’ची घोकंपट्टी सुरू केली, त्याच्या पोरीनं सगळ्यांत मोठ्यानं. त्या आठवड्याचा निरोप पोरांनीच सांगितला: शंभराला कानडीत काय म्हणतात, ते काट्यावरच्या माणसाला विचारून ठेवा.