व्हीलमधून बाहेर

२०१९मधली गोष्ट. तेव्हा इथे दुबईत सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे. आताची शनिवार-रविवारची पद्धत २०२२पासूनची. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी ऑफिस लवकर रिकामं व्हायचं. शारजाकडे जाणारा अल इत्तिहाद रोड तुंबलेला असणार, थोडं उशिरा निघू, म्हणून मी एक बारीकसं काम काढलं. सर्व्हरवर लॉगिन केलं, सुडो लावून कमांड दिली, पासवर्ड टाकला. उत्तर आलं: तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, हा प्रकार वर कळवला जाईल.

वर म्हणजे कोणाला? रूटला. त्या मशिनवर रूटचं टपाल बघणारा मीच, आणि आता ते उघडायची मुभाही मला उरली नव्हती!

तुमच्यापैकी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्सवर रूट म्हणजे घराचा मालक. रोजच्या कामाला मालकाची किल्ली वापरू नये, म्हणून १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिलं: स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं आणि लागेल तेवढ्यापुरतं मालक व्हायचं. आमच्या सेंटओएस ७वर हा मान ‘व्हील’ नावाच्या ग्रुपला होता. त्या ग्रुपात एकटा मी. रूटचा पासवर्ड आधीच्या अ‍ॅडमिनबरोबर देश सोडून गेलेला.

चूक माझीच होती. मंगळवारी मी स्वतःला एका नव्या ग्रुपात घातलं. युजरमॉडला कॅपिटल ‘जी’ दिला, त्याच्याआधीचा छोटा ‘ए’ विसरलो. ‘ए’ म्हणजे भर घाला. तो नसेल तर युजरमॉड जुने जादा ग्रुप पुसून नवा तेवढाच ठेवतं, आणि विचारत नाही. ग्रुप लॉगिनच्या वेळी मोजले जातात, म्हणून मंगळवारच्या त्या खिडकीत सगळं सुरळीत चालत राहिलं. लॉगआउट केलं तेव्हा दार लागलं, पण मला ते कळलं गुरुवारी.

मी प्रोबेशनवर होतो. तेव्हाच्या कायद्याने त्या काळात नोटिशीशिवाय काढता येत असे. व्हिसा कंपनीचा, आणि बायको-मुलीचा अजून व्हायचा होता. शनिवारी सकाळी गोदामातला माल याच सर्व्हरवर चढवायचा होता. सर्व्हर गुपचूप रीस्टार्ट करावा, वीज गेली होती म्हणावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, चांगली दहा मिनिटं तसंच मनात होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे कॉल लागत नाही, म्हणून पुण्यातल्या जुन्या सीनियरला मेसेज टाकला. तिकडे साडेदहा वाजले होते. “साहेबांना आधी सांग, मग हात लाव,” एवढंच त्याने पहिल्यांदा लिहिलं. फोन केला. साहेब केरळचे, मितभाषी. “किती वेळ लागेल?” मी म्हटलं, तासभर.

बर दुबईच्या त्या गार खोलीत मशिनला स्क्रीन-कीबोर्ड जोडला. सुरुवातीच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘आरडी डॉट ब्रेक’ लिहिलं. डिस्क लिहिण्याजोगी करून घेतली, चरूटने आत शिरलो, या वेळी ‘ए’सकट व्हीलमध्ये परत आलो. जाता जाता रूटचा पासवर्डही बदलला. रीस्टार्ट केलं आणि आता कोणालाच लॉगिन होईना, साध्या युजरलासुद्धा.

हातपाय गार पडले. सीनियरने दोन शब्द पाठवले: “ऑटोरीलेबल विसरलास.” या आडवाटेने आत शिरलं की एसई-लिनक्सची शिस्त तेव्हा चालू नसते, पासवर्डची नवी फाइल लेबलाविना तयार होते आणि नंतर तीच शिस्त ती कोणाला वाचू देत नाही. पुन्हा तोच मेनू, तोच चरूट, मुळाशी ‘डॉट ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल. मग मशिन एकेका फाइलवर चिठ्ठी डकवत बसलं, आणि मी ठिपके मोजत.

शारजाला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. रविवारी साहेबांनी सगळं लिहून मागितलं. मी ‘ए’सकट लिहिलं. त्यांनी वाचलं, दुसऱ्या एकालाही व्हीलमध्ये घालायला सांगितलं आणि रूटचा पासवर्ड पाकिटात घालून हिशेबनिसाच्या तिजोरीत ठेवायला लावला. बायको-मुलगी जूनमध्ये आल्या.

तुम्हीही असलं काही करणार असाल तर जुनी खिडकी बंद करू नका. दुसरी उघडा, तिच्यात नव्याने लॉगिन करा, सुडो चालतो का बघा. सुडोअर्सची फाइल बदलायची तर व्हीसुडोनेच. जतन करण्याआधी ते व्याकरण तपासतं. माझी एक जुनी खिडकी अजूनही काम संपल्यावर पाचेक मिनिटं उघडीच असते. मुलगी विचारते, “बाबा, झालं ना?”