पुठ्ठ्यातली भोकं

जकार्डचा पुठ्ठा सुटा हातात घेतला तर काहीच कळत नाही. लांबट, जाड, तपकिरी पट्टी. तिच्यावर गोल भोकांच्या रांगा, मध्येच कोरी जागा, कडेला दोरा ओवायची भोकं. आमच्या लहानपणी भवानी पेठेत असे पुठ्ठे रद्दीत ढिगाने पडत. डिझाइन चालेनासं झालं की माळेचे दोरे कापायचे आणि पुठ्ठे बंबात घालायचे. मी मात्र ते उजेडासमोर धरून बसायचो.

वडील पंचिंगचं काम करायचे. ग्राफच्या कागदावर लाल शाईने मोर भरायचा, एकेक चौकोन. मग एका ओळीचा एक पुठ्ठा. भरलेला चौकोन म्हणजे भोक, कोरा म्हणजे नाही. मोराच्या एका पिसाऱ्याला पुठ्ठ्यांची केवढी चळत लागायची! ते भोकं पाडताना ओठांतल्या ओठांत मोजत असायचे आणि तेवढा वेळ घरात कोणी त्यांना हाक मारत नसे.

मागावर चढवलेल्या पेटीत काय होतं, हे मी शेडमध्ये उभा राहून शिकलो. धोट्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा पुढे येतो आणि आडव्या सुयांवर दाबला जातो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि पाती वर जाताना त्याला घेऊन जाते; हुकाला बांधलेले ताण्याचे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक पातीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. सगळा मोर एवढ्यावर उभा.

आपली जकार्ड चादर उलटून बघा. मोर तोच, रंग अदलाबदल झालेले. हे कोडं मला कित्येक वर्षं पुरलं. चादरीच्या मोठ्या सपाट रंगात चिमूट धरून बोटं चोळली, तर कापडाचे दोन पदर वेगळे सरकतात. दोन कापडं एकाच वेळी विणली जातात आणि नक्षीच्या कडेला वरचं खाली, खालचं वर जातं. हे उमगल्यावर मी घरातली एकही चादर चिमटून बघायची सोडली नाही.

शाळेत असताना मी लाकडी चौकट केली होती. पितळी पट्ट्यांच्या दोन रांगा, मध्ये पुठ्ठा, भोक असेल तिथे पट्टी पट्टीला टेकून बॅटरीचा बल्ब लागायचा. पुढे वाचलं, की 1890च्या अमेरिकी जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने याच तत्त्वाचं यंत्र केलं होतं. त्याच्या खिळ्या भोकातून पाऱ्यात बुडायच्या आणि वीज वाहायची. लियाँच्या जोसेफ मारी जकार्डचा माग 1804चा. जकार्डचं एक रेशमी चित्र सुमारे 24,000 पुठ्ठ्यांवर विणलं होतं, आणि ते चार्ल्स बॅबेजच्या घरी होतं. आपल्या गणिती यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने पुठ्ठेच योजले. त्यामुळे कॉलेजात फोरट्रानसाठी 80 रकान्यांची कार्डं हातात आली, तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. माझं ठाम मत आहे, की पंचिंगवाल्यांना प्रोग्रॅमर म्हणायला हवं होतं. मजुरी मिळाली, तो मान मिळाला नाही.

आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं. रद्दीत निघालेले पुठ्ठे मी आणतो आणि आर्डुइनोला जोडलेल्या प्रकाश-सेन्सरखालून सरकवतो. संगणकाच्या पडद्यावर ओळीमागून ओळ जुनी वेल उगवते. कोणी काढली होती, कुठेच लिहिलेलं नसतं.

सध्या मात्र डोक्यात मेरुप्रस्तार आहे: वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज खाली लिहीत जायचा संख्यांचा त्रिकोण. पिंगलाच्या छंदशास्त्रातला, हलायुधाने दहाव्या शतकात उलगडून सांगितलेला. विषम संख्येचा चौकोन भरायचा, समसंख्येचा कोरा ठेवायचा. नियम एवढाच: वरचे दोन शेजारी सारखे असतील तर कोरा, वेगळे असतील तर भरा. त्रिकोणात त्रिकोण उमलत जातात. साध्या विणीत मोठ्या कोऱ्या त्रिकोणात धागे मोकळे लोंबतील. दुपदरी चादरीत ती अडचणच नाही.

ग्राफ घेऊन ओळखीच्या मागवाल्यांकडे गेलो. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, ‘‘अण्णा, याचा रिपीट कुठं येतोय?’’

किती नेमका प्रश्न! कापडावर नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा यायला हवी, आणि त्रिकोण तर वाढतच जातो. रात्री डावी कड सरळ धरून पुन्हा भरत गेलो. 64व्या ओळीत सगळ्या संख्या विषम, ओळ पूर्ण भरलेली. 65व्या ओळीत फक्त दोन टोकं उरतात: एक पहिल्या घरात, दुसरं पासष्टाव्या, म्हणजे शेजारच्या रिपीटच्या पहिल्या घरात. तिथून दोन नवे त्रिकोण आपोआप सुरू होतात. 64 बाय 64चा चौकोन, ना एक ओळ जास्त, ना एक कमी. दुसऱ्या दिवशी हे दाखवल्यावर मागवाल्यांनी बोटाने कड तपासली, मान डोलावली आणि थेट रंगांवर आले. मी मरून आणि पांढरा म्हणतोय. त्यांच्या मते निळा जास्त खपेल.